बंद खाणीतला भोंगा

मी ग्वाल्हेरचा, राहायला हरिशंकरपुरमला. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. बायको म्हणते, "तुमच्यासमोर भूत आलं तर तुम्ही त्याचं आधार कार्ड मागाल." आज मीच लिहायला बसलोय... हसायचं तर हसा.

माझे वडील मध्य प्रदेशाच्या पूर्व टोकाला एका कोळसा खाणीत सुरुंगाच्या कामावर होते. ओपनकास्ट खाण, म्हणजे बोगदे नाहीत. जमीनच पायऱ्या-पायऱ्यांनी खोल खोदत न्यायची. माझं लहानपण तिथल्या कॉलनीत गेलं. दुपारी सुरुंग उडवण्याआधी लांबलचक भोंगा वाजायचा. तो ऐकला की हातातलं टाकून मागे यायचं. धमाके झाले, सगळं ठीक असलं, की मग आखूड भोंगा — म्हणजे मोकळं. या दोन भोंग्यांच्या मधे आई मला दाराबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही.

पुढे कोळसा संपला, खाण बंद झाली, आम्ही ग्वाल्हेरला आलो. तिकडे पंप थांबले आणि खड्डा पाण्याने भरत गेला. उपसलेल्या दगडमातीचे डोंगर सारखे करून त्यांवर झाडं लावली. आता तिथे तलाव आहे, बोटी फिरतात. मोबाईलवर त्याचा व्हिडिओ पाहून आई म्हणाली, "मला एकदा ने रे तिथे. ह्यांनी फोडलेल्या दगडांवर झाडं आलीत म्हणे!" बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी, आई आणि माझी कॉलेजातली मुलगी रेवा — तिघं निघालो.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आईला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरून घेतलेलं कानाचं मशीन लावलं तर थोडंफार. त्या दिवशी त्याची बॅटरी उतरली होती, म्हणून ते माझ्या खिशात होतं.

थंडीतली दुपार. काठावर एक बाक होता, तिथे बसून आम्ही डबा खाल्ला. पाण्यावर बदकं होती. आई पाण्याकडे पाठ करून शिसवीची झाडं पाहत उभी होती, खूश होती... आणि एकदम ताठ झाली.

"भोंगा झाला. चला."

"कसला भोंगा, आई?" मी खुणेने विचारलं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं, रेवालाही नाही. पण तेवढ्यात तलावावरची सगळी बदकं एकदम उडाली. आईने रेवाचं मनगट धरलं आणि चढावरून वर ओढत नेलं. गुडघ्यांनी हैराण झालेली माझी आई!

"आजी, रुको ना! माझी बॅग राहिली बाकावर!"

रेवाने बाकाकडे केलेला हात पाहून आई म्हणाली, "राहू दे."

मी बॅग आणायला वळलो, तर आई ओरडली, "मोकळं झालेलं नाही अजून!" तो आवाज लहानपणी ऐकलेला होता. पाय आपोआप थांबले.

आणि मग आम्ही बसलो होतो तो काठ हलला. आवाज फार नाही, गोणी ओतल्यासारखा. बाक, बॅग, दोन झाडं, सगळं सरकत पाण्यात गेलं.

तिथला चौकीदार धावत आला. मी त्याला भोंग्याचं विचारलं. "भोंगा? साहब, वो तो खदान के साथ ही कबाड़ में चला गया."

आईने रेवाचं मनगट सोडलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने स्वतःहून हात सैल केला. "वाजला," म्हणाली. "जाऊ या आता." मी तलावाकडे पाहिलं. बदकं पाण्यावर उतरत होती.

घरी आल्यावर मी डोकं खूप चालवलं. जमिनीची थरथर तिला पायांतून जाणवली असेल? असेल. मग आम्हा दोघांना का नाही जाणवली? आणि तो दुसरा, आखूड भोंगा... त्याचं काय? डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. कान होते तसेच.

शेवटी मशीन लावून आईलाच विचारलं, "तो भोंगा कोणी वाजवला असेल गं?"

ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "वाजला की मागे यायचं. कोणी वाजवला, ते तुझ्या बाबांनीसुद्धा कधी विचारलं नाही."