निवडलेल्या ओळी

मुलांनो, शेजारची मुग्धा आमच्या दिनूभाऊ वाण्यांच्या दुकानासाठी संगणकाचा प्रोग्राम लिहिते आहे. काल माझ्या टेबलाशी बसून ती सकाळभर आधी लिहिलेल्या ओळी खोडतच होती. मी नवलाने बघत राहिले.

दुपारी दिनूभाऊ माझे सामान घेऊन आले. मुग्धाने त्यांना सांगितले, की तेच काम आता तीनशे ओळींत होते. "हजार ओळींच्या तीनशेच राहिल्या? मग पैसेही कमी करा, ताई."

मुग्धाचा चेहरा उतरला.

मी विचारले, "दिनूभाऊ, तुमच्याकडे निवडलेले गहू महाग, की न निवडलेले?"

"निवडलेले. डोळे जातात हो त्यात, आजी!" बोलता बोलता ते थांबले आणि हसले. "बरं, ठरलेलेच देतो."

निवडण्याचे मोल आपण आणखी कुठे द्यायला विसरतो, कोण जाणे. हे पत्रही मी चारदा निवडले आहे. लहान आहे म्हणून भाव पाडू नका.