सात ग्रॅम

बारावीनंतर नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेत मला थोडे गुण कमी पडले आणि मी पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला येऊन बसले. यवतमाळकडच्या आमच्या गावातले सर म्हणाले होते, "वर्ष घरी काढू नको. पुण्यात विज्ञानाचा पाया पक्का कर आणि परीक्षा पुन्हा दे." म्हणजे सकाळी रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी प्रवेशपरीक्षेचा क्लास. त्या वर्षात मी काय शिकले ते आता नीट सांगता येणार नाही. दमलेली होते, एवढं मात्र पक्कं आठवतं.

सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर आम्हा तिघी मुलींची खोली होती. लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं की छाती धडधडायची, कानात काहीतरी वाजायला लागायचं आणि मी पायरीवर टेकायची. घरमालकीण काकू त्या दुसऱ्या मजल्यावरच राहायच्या. एकदा त्यांनी दार उघडून मला पाहिलं आणि म्हणाल्या, "जिना चढायला असतो हो. बसायचंच असेल तर सारसबाग जवळ आहे." आणि दार लावून घेतलं. मला राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

तासाला फळ्यावरचं उतरवून घेताना माझं अक्षर हळूहळू उताराला लागायचं आणि रेघ होऊन थांबायचं. रसायनशास्त्रातलं मोलचं एक साधं गणित मी चार चार वेळा वाचायची. माझ्या शेजारी बसणारी मुलगी विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायची, तरी तिचा चेहरा टवटवीत असायचा. तिच्याकडे बघून मी पुन्हा एकदा ठरवून टाकलं की मी आळशीच आहे. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "थकवा त येतेच बाई. मले बी येते. मंग मी काय निजून रायतो का?" ती तेव्हा शेतातून येऊन भाकरी टाकत होती. मी फोन ठेवला आणि गजर अर्धा तास आधीचा लावला.

दिवाळीनंतर प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायचं होतं. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, नळीतल्या आम्लात सोडायचं, ते तपकिरी झालं की शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालत जायचं. पाणी जिथवर चढेल तो आकडा, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम; मुलींचा बारा तरी हवा. शेजारणीची नळी तेराजवळ पोचली. माझी सातावरच त्या काचेच्या रंगाची दिसायला लागली. आणखी एक थेंब घातला, तर रंग फिकाच झाला.

आमच्या मॅडम कमी बोलायच्या आणि बोलल्या की लागायचं. त्यांनी माझी वही पाहिली.

"सात?"

"हो मॅडम. रंग जुळला."

"रंग जुळला नाही, तू जुळवलास. पुन्हा कर."

मी दुसरं बोट टोचलं. पुन्हा सात. वर्गात दोघीतिघी हसल्या. मॅडम चिडून स्वतः स्टुलावर बसल्या, माझं तिसरं बोट टोचलं आणि एक एक थेंब मोजत पाणी घालत गेल्या. मग सातावर त्यांचा हात थांबला. नळी उजेडाकडे धरून त्यांनी पाहिली. नंतर त्यांनी अंगठ्याने माझ्या डोळ्याखालची पापणी खाली ओढली.

"दमतेस का गं?"

मला इतक्या साधेपणाने हे कुणी विचारलं नव्हतं. मी "हो" म्हणाले.

"कधीपासून?"

आठवीपासून असेल, त्याआधीपासूनही असेल. न दमलेली मी कशी होते ते मला आठवतच नव्हतं.

"वही ठेव. उद्या दवाखान्यात जा. गाव विदर्भातलं ना? मग सिकल सेलचीही तपासणी करून घे, तिकडे तो रक्ताचा आजार घराण्यात असतो." जाता जाता म्हणाल्या, "आकडा बरोबर होता तुझा."

सिकल सेल निघाला नाही. शरीरात लोह नव्हतं, बस. डॉक्टरांनी काही महिन्यांच्या गोळ्या दिल्या. बाकावरची शेजारीण म्हणाली, "बरं झालं ना, कारण कळलं." मला बरं वाटलं नाही. त्या दुपारी मी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून रडले. इतकी वर्षं स्वतःला आळशी म्हणत होते, ते सगळं आता कुणाला परत करायचं, हेच कळेना.

उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा आईला ओढतच आरोग्य केंद्रात नेलं. तिचा आकडा सहा निघाला. तिथल्या सिस्टर तिच्यावर ओरडल्या. आई खुर्चीच्या कडेवर बसून निमूट ऐकत होती, जणू तिच्या हातून काही सांडलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाली, "सहा असो का दहा, कामं त होऊनच रायले ना?"

मीही तिच्यावर ओरडणार होते; त्याऐवजी तिची पिशवी हातात घेतली. अंगात सहा ग्रॅम घेऊन तिने मला शिकायला पाठवलं होतं.

पहिलं वर्ष मी जेमतेम पास झाले. प्रवेशपरीक्षेत मात्र दुसऱ्या यादीत नाव लागलं आणि नर्सिंगला प्रवेश मिळाला. ज्या दिवशी यादी लागली त्या दिवशी मी पेढे आणले नाहीत, आठ तास झोपले. माझा आकडा आता अकरावर आहे. थकवा येतो, पण तो कशाचा आहे ते तरी सांगता येतं.

आईने गोळ्या आठवडाभर घेतल्या, पोट दुखतं म्हणून सोडल्या, मी भांडल्यावर पुन्हा सुरू केल्या. रोज फोनवर विचारते, "गोळी घेतली?" ती "हो" म्हणते. मागून पितळी घासल्याचा आवाज येत असतो. खरं बोलते की नाही, ते मला इथून कळत नाही.