नुसती कसर

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीशी धरली आणि म्हणाले, "टी.बी. आहे." टी.बी. म्हणजे क्षय. आईची दोन्ही फुप्फुसं त्याने पोखरली होती. नगरच्या दवाखान्यातल्या त्या बाकावर आई पदर तोंडाशी धरून, काही चूक झाल्यासारखी बसली होती.

"इतके महिने ताप अंगावर काढलात?" डॉक्टर रागावले.

"ताप न्हाई वो," आई म्हणाली. "नुसती कसर हुती."

आमच्या सोनईकडे उसात खुरपायला जाणाऱ्या बाया अंगातल्या बारीक तापाला कसर म्हणतात. माणूस अंथरुणाला खिळलं, तरच तो ताप. पायांनी रानात जाता आलं की ती कसर. गावातल्या डॉक्टरांनीही आधी विचारलं होतं, "ताप येतो का?" आईने तिच्या हिशेबाने खरंच सांगितलं, न्हाई. त्यांनी खोकल्याचं औषध दिलं.

त्या वर्षी दुष्काळ पडला होता, कॅनॉलवरच्या उसाशिवाय कुठे काम नव्हतं. खाडा केला की आपली पात, म्हणजे खुरपायला नेमून दिलेली ओळ, दुसरीला मिळायची. आई मागे पडू लागली तेव्हा शेजारच्या पातीवरची सखूमावशी हात लांबवून तिचंही गवत काढायची. मुकादमाला काही कळलं नाही. मावशीची माया होती ती, तिला मी बोल लावणार नाही. पण वाटतं, मुकादमाने आईला तेव्हाच हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. ती घरी पडली असती, आणि आम्ही त्याला ताप म्हटलं असतं.

वॉर्डात तिला रोज स्ट्रेप्टोमायसिनचं, म्हणजे क्षयाच्या जंतूंवरचं, इंजेक्शन देत. सखूमावशी भेटायला आली, तर आईचा पहिला प्रश्न, "माझी पात कुनाला दिली?"

"तुझीच हाय. तू येस्तवर मी वढते," मावशी म्हणाली. ते खोटं होतं. आई त्यावर शांत झोपली.

औषधाला फार उशीर झाला होता. आई गेली त्या सकाळी मी तिच्या कपाळाला हात लावला. कित्येक महिन्यांनी अंग गार लागलं. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

तुमच्या घरातली बाई खोकत कामाला जात असेल, तर ताप येतो का असं विचारू नका. नाहीच म्हणेल ती. कसर आहे का, विचारा. हो म्हणाली, तर आधी तिच्या हातातलं खुरपं काढून घ्या.