सतरा तबकड्या, चौतीस स्क्रू

देवबागला माझ्या भाच्याच्या, सुशांतच्या होमस्टेमध्ये जेवणघराच्या एका भिंतीवर नुसतेच चौतीस स्क्रू आहेत. ते बघितले की अजून माझं डोकं तापतं.

सुशांतचा बाप, म्हणजे माझा भाऊ भाई मोंडकर, सदुसष्ट साली बोटीवर इंजिनात तेलवाला म्हणून लागला. त्याआधी गावच्या भजनात पेटी वाजवायचा. लिव्हरपूलच्या एका दुकानात त्याने तिथल्या पोरांच्या बँडचं गाणं ऐकलं. त्यात पेटीच्या थोरल्या भावासारखं ऑर्गन घुमत होतं. मग दर फेरीला गाण्यांची एकेक तबकडी आली. यार्डबर्ड्स, क्रीम, ट्रॅफिक, अशा बँडांच्या सतरा.

"ब्लूज म्हणजे काळ्या मजुरांचा गाऱ्हाणा, नर्मदे," तो मला सांगायचा. "ह्या गोऱ्या पोरांनी ता शिकान घेतल्यानी."

मला शब्द कळत नसत. पण गाऱ्हाणं कळतं. देवळात आम्हीही घालतोच की!

ट्रॅफिकच्या तबकडीवर एक चरा आहे. वादळात बोट कलली आणि सुई घसरली, तेव्हाचा. तिथे गाणं दोन ओळी गाळून पुढे उडी मारतं. पन्नासहून जास्त वर्षं भाई ते तसंच गुणगुणतो.

गेल्या मे महिन्यात भाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कणकवलीला लेकीकडे होता. मी त्याला घेऊन परत आले, तर सतराही तबकड्या भिंतीवर! पाहुणे त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते.

"आत्ये, मस्त दिसतत मा?" सुशांत म्हणाला. "खाडीच्या वाऱ्यान हलत होते, म्हणान कडेक दोन-दोन स्क्रू मारलंय."

"मेल्या, देवघरातल्या टाकांका भोकां पाडशीत?"

"तीच गाणी फोनवर आसत गो!" त्याने लगेच ट्रॅफिकचं गाणं लावून दाखवलं.

भाई सोबत गुणगुणू लागला. चऱ्याच्या जागी त्याने सवयीने उडी मारली. फोन मात्र सरळ गात राहिला. भाईचा सूर हुकला. पाहुण्यांतली एक मुलगी हसली. मी सुरीच्या टोकाने स्क्रू सैल करायला घेतले. सुशांत "आत्ये, लोक बघतत" म्हणत राहिला. बघूदेत!

तबकड्या काढून झाल्यावर सगळे स्क्रू भाईने स्वतः परत भिंतीत घट्ट बसवले. मग ट्रॅफिकची तबकडी लावली. कडेचं पहिलं गाणं भोकांवर खटखटत गेलं, ते कायमचंच. भाईने सुई उचलून आतल्या गाण्यावर ठेवली. ऑर्गन घुमलं, चरा आला, उडी बसली, आणि भाईचा सूर तिच्याबरोबर बसला.

दुसऱ्या दिवशी सुशांत ओशाळून स्क्रू काढायला आला. भाईने त्याचा हात धरला.

"ऱ्हांवदेत थंयच. कोणी विचारल्यान तर सांग, 'हंयसर मी माझ्या बापाशीक टांगलेलंय.'"