पाणंदीतला बर्फ

"आदी पडा," असं म्हणून सुभेदार हात पाठीमागं बांधून उभे राहत. माधवनगरजवळच्या त्यांच्या मळ्यात बर्फावर घसरत चालायला शिकण्यासाठी जो कोणी येई, त्याचा पहिला दिवस असाच जाई.

बर्फ अर्थातच नव्हता. ऊस तुटून गेला की सुभेदार शेतांमधल्या पाणंदीच्या वाटेवर उसाच्या पानांचं पाचट अंथरत. वाळलेलं पाचट किती निसरडं असतं, हे तुम्हीही कधी अनुभवलं असेल. बांबू चिरून केलेल्या लांब पट्ट्या सायकलच्या ट्यूबनं बुटांना बांधायच्या, दोन्ही हातांत काठ्या घ्यायच्या आणि पाय न उचलता सरकत जायचं. सैन्यात असताना ते बर्फावर असे मैलोगणती चालले होते. निवृत्तीनंतर त्यांनी आम्हा सात जणांचा क्लब जमवला. एकदा सगळ्यांना घेऊन हिमाचलात जायचं, एवढाच त्यांचा हट्ट.

मी ग्रंथपाल. पहिल्या दिवशी पडलो आणि कुणी हात देईल म्हणून वाट पाहत राहिलो.

"आवं मास्तर, उठायचं आपलं आपण," ते म्हणाले. "तितं मी संगट असंनच असं न्हाई."

शेजारी गुळाचे एक व्यापारी आडवे झाले होते. "मला उठवायला क्रेन लागंल, सुभेदार."

"क्रेन न्हाई, शेट. गुडघा पोटाशी घ्या. पोट जरा बाजूला ठेवा."

दोन हिवाळे तालीम झाली. रेल्वेची तिकिटं निघाली. मग प्रवासाआधीच्या तपासणीत डॉक्टरांनी सुभेदारांचं हृदय पाहिलं आणि उंचावर जायला साफ मनाई केली. आम्ही बेतच रद्द करायला निघालो, तेव्हा ते चिडले.

"मी न्हाई म्हणून तुमी न्हाई? मग शिकिवलं कशाला?"

स्टेशनवर येऊन त्यांनी प्रत्येकाचे हातमोजे तपासले. गाडी सुटायच्या आधीच वळून निघून गेले.

परत आल्यावर मी आणि शेट त्यांच्या घरी गेलो. पुढं ते महिनाभरच जगले. त्या दिवशी खाटेवर बसूनच बोलले. फोनमधले फोटो त्यांनी पाहिले न पाहिलेसे केले.

"आवाज कसा व्हता?"

"कसला?"

"बरफाचा. चांगल्या थंडीत पायाखाली करकर वाजतो. तेवढं परत एकदा ऐकायचं व्हतं."

आम्हाला मिळाला होता तो उन्हानं मऊ पडलेला, ओला बर्फ. वाजत तर नव्हताच, उलट भाड्यानं घेतलेल्या पट्ट्यांना चिकटत होता.

"वाजत होता," मी म्हणालो.

शेटनी माझ्याकडे पाहिलं. "लय," ते म्हणाले. "कान किटले."

"कसा? काढून दावा."

शेटनी दातांवर दात घासले.

"हळू, शेट," सुभेदार म्हणाले. "एक पाय. मग दुसरा."

शेट तसं करत राहिले. सुभेदार डोळे मिटून ऐकत होते.