तीन दगडांची खूण

मायाक्का शुक्रवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत स्वयंपाकाला होती. दुष्काळात मेंढरं गेली, तेव्हा नवरा हरिबा रखवालीला लागला अन् ही पातेल्यांना. शहात्तर सालच्या माघात शाळेच्या पोरी माढ्याकडच्या ओढ्याला निघाल्या. तंबू ठोकून दोन दिवस राहायचं, रान हिंडायचं. घर असताना रानात निजायचं, याला म्हणे शिक्षण म्हणतात! मायाक्का मात्र कुणी सांगायच्या आधी ट्रकात चढून बसली.

अकरा वर्षांमागं मेंढरं घेऊन ती दोघं त्याच ओढ्याला उतरली होती. तिथं नऊ महिन्यांची राजाबाई तापानं गेली. नाव एवढं दांडगं अन् जीव चिमणीएवढा. काठालाच पुरली. सकाळी कळप हलणार, खूण काय ठेवायची? मायाक्कानं आपल्या चुलीचे तीन दगड त्या मातीवर मांडले. मेंढके मुक्काम सोडताना चूल मोडत नाहीत, मागून येणाऱ्याला तशीच ठेवतात. चुलीला कोण पाय लावतंय, अशी तिची समजूत.

आता वनखात्यानं झाडं लावून ओढा हिरवागार केला होता. मायाक्का उतरली अन् बघतच राहिली. काठाला तीन दगड. पलीकडं तीन दगड. झाडाखाली तीन दगड. सहलीवाल्यांच्या चुली! सगळ्या सारख्याच काळ्या.

"मायाक्का, ही बघा आयती चूल!" पोरींना घेऊन आलेल्या शिक्षिका हेमावतीबाई म्हणाल्या. "चहा टाका, पोरी दमल्यात."

"ती नगं, बाई."

"मग ही?"

"ही बी नगं."

"अहो, मुहूर्त बघताय का चुलीचा?"

पोरी खिदळल्या. मायाक्काही हसली, सवयीनं. मग दुधाची किटली घेऊन निघाली. एकेका चुलीपाशी बसायची, पदरानं दगड पुसायची, धार सोडायची. काजळी काही निघेना. किटली मात्र रिकामी झाली.

"अहो, दूध कुठं गेलं?"

"सांडलं, बाई."

"इतक्या ठिकाणी?"

मायाक्का खाली बसली. "लेक हाय माजी हितं. कुटं, त्ये कळंना. मागून येणारा चूल पेटवणारच की. येवढं मला कळाय पायजे हुतं."

मायाक्कानं वाळूत हातानं खड्डा केला, त्यात काटक्या पेटवल्या अन् पोरींसाठी कोरा चहा ठेवला.