मुठीतला तांबडा दिवा

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं एक दार गेली तीन वर्षं आतून कुलूपबंद असतं. किल्ली खंडोजींच्या गळ्यात, ताइतासारखी काळ्या दोऱ्यात ओवलेली. आत दोनच माणसं, ते आणि त्यांच्या पत्नी सकवारबाई. ज्या घरात आपण बसलोय तेच आपलं घर, हे सकवारबाईंना आता आठवत नाही. दार उघडं दिसलं की त्या ‘घरी’ जायला निघतात. दोनदा रिंग रोडच्या दुभाजकावर सापडल्या. तेव्हापासून कुलूप.

खंडोजींना मी पन्नास वर्षं ओळखते. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी राण्या केल्या आणि त्या राण्यांवर उजेड टाकला तो यांनी. दिवसा कारखान्यात वायरमन, संध्याकाळी आमचे दिवेवाले. त्या वेळी आमच्याकडे विकतचे डिमर कुठले? मातीच्या नळात मिठाचं पाणी भरायचं, त्यात लोखंडी पट्टी सोडायची. पट्टी बुडेल तसा दिवा चढायचा, वर ओढली की उतरायचा. हुबळीच्या प्रयोगात मी सूर्यास्ताकडे पाहत पतीला निरोप दिला, तेव्हा विंगेत हा माणूस घामाघूम होऊन तो सूर्य इंचाइंचाने मावळवत होता. टाळ्या मला मिळाल्या. खरं तर त्यातल्या निम्म्या त्यांच्या होत्या, पण हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते.

तर त्या बंद दारातून दोघं दिवसातून एकदाच बाहेर पडत, पाच वाजता, विजेच्या सायकलवरून. बारा वर्षांची जुनी सायकल. मागे कॅरिअरला गादी आणि पाठीला टेकण. सकवारबाई मागे बसल्या की त्यांचा चेहरा सुटायचा. दिवसभर दार बडवणारे हात नवऱ्याच्या खांद्यावर शांत पडायचे. तळ्यापर्यंत जायचं, बाकावर बसायचं, परत यायचं. त्या एका तासावर दोघांचे उरलेले तेवीस तास निघत.

परत यायला मात्र त्या एकाच गोष्टीसाठी तयार होत. हँडलच्या उजव्या मुठीवर तीन बारके दिवे होते, हिरवा, पिवळा, तांबडा. बॅटरी उतरली की तांबडा लागायचा. “संपली वाटतं,” त्या म्हणायच्या, आणि मुकाट्याने मागे बसायच्या.

पण जुनी बॅटरी ती. दोघांच्या वजनाला घराजवळचा चढ तिला झेपेना. एके दिवशी ऐन चढावर सायकल थांबली, मागे घसरली आणि सकवारबाईंचं कोपर सोललं. रविवारी मुलगी रक्षिता शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हेब्बाळहून आली ती तडकलीच.

“अप्पा, पुरे झालं हे! सायकल काढून टाका. आईला फिरवायचं तर गॅलरीत फिरवा.”

“गॅलरी चार पावलांची आहे गं.”

“मग चार पावलं फिरवा!”

 खंडोजींनी आठवड्याभरात अठ्ठेचाळीस व्होल्टची लिथियम बॅटरी आणली, तिला जोडीचा, मोटरला वीज मापून देणारा कंट्रोलर आणला, आणि दारासमोरच्या पॅसेजमध्ये सायकल उलटी करून बसले. सकवारबाई उंबऱ्यात स्टुलावर, नजरेच्या टप्प्यात. मी खालून चहाचा थर्मास घेऊन गेले.

“अक्का, मोटरच्या आणि कंट्रोलरच्या वायरींचे रंग एकमेकांशी बोलत नाहीत हो,” ते म्हणाले. मोटरच्या तीन जाड तारा, तीन बारीक. प्रत्येकीला पांढऱ्या कापडी पट्टीची चिठ्ठी, आमच्या नाटकातल्यासारखीच. पूर्वी ते प्रत्येक दिव्याच्या तारेला पात्राचं नाव देत. मी वाकून पाहिलं. जाड तारांवर राणी, सेनापती, दासी.

“दासी तेवढी सरळ चालतेय,” ते म्हणाले. “बाकीची दोघं भांडतायत.”

जोडून मूठ पिळली, तर चाक भर्रकन उलटं फिरलं.

“अय्यो! माघारी जाणारी सायकल कोण घेणार?” सकवारबाई टाळी वाजवत हसल्या. तिसऱ्या प्रयत्नात चाक सुलट फिरलं. मोटर आता जोरात झटका देणार, त्याने आस निसटू नये म्हणून त्यांनी लोखंडी पट्टी कानशीने घासून आसाला घट्ट बसवली. सारं केलं. फक्त मूठ जुनीच ठेवली, कारण तिचे दिवे सकवारबाईंच्या ओळखीचे होते.

पहिल्या दिवशी गच्चीवर धुणं वाळत घालताना मी पाहिलं, तळ्याकडे जाण्याआधी दोघं चाचणी म्हणून चढाखाली जाऊन परत आली, आणि तो चढ सायकल गाणं म्हणत चढली.

साडेसहाला खंडोजींचा फोन. “अक्का, स्वल्प... जरा येता का तळ्यावर? लगेच.”

रिक्षाने पोचले. बाकाभोवती पंधरावीस माणसं, मध्ये सायकल, आणि मागच्या गादीवर सकवारबाई ताठ बसलेल्या. खंडोजींच्या गालावर नखांचे ओरखडे.

“हा कोण माणूस?” त्या लोकांना विचारत होत्या. “मला कुठं घेऊन चाललाय? हिरवा आहे की अजून! पुढं जायचंय, माझं घर पुढं आहे!”

एक तरुण खंडोजींच्या कॉलरला हात घालण्याच्या बेतात होता. “यारु नीवु? कोण तुम्ही? अज्जीला ओळखता?” बायकोला ओळखतो हे सिद्ध कसं करायचं? बहात्तराव्या वर्षी लग्नाचा फोटो खिशात कोण ठेवतो?

मी पुढे झाले. साऱ्या राण्या गळ्यात एकवटून म्हटलं, “सकवारबाई! आमची आज्ञा आहे. चला!”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही कोण बाई? घसा बसलाय तुमचा.”

गर्दीत कुणीतरी हसलं. तेवढा ताण सैल झाला, आणि मी त्या तरुणाला आमचं तिघांचं नातं कन्नडमध्ये समजावलं.

खंडोजी मात्र मुठीकडे पाहत उभे होते. हिरवा दिवा. ती मूठ जुन्या बॅटरीच्या छत्तीस व्होल्टची होती. अठ्ठेचाळीसची बॅटरी उतरली तरी तिला भरलेलीच वाटणार, ती कायम हिरवाच दाखवणार. जन्मभर दिवे केलेल्या माणसाची चूक दिव्यातच झाली होती. त्यांनी हात खाली घातला आणि बॅटरीची किल्ली बंद केली. मूठ विझली.

“संपली?” सकवारबाईंनी विचारलं.

“संपली.”

“सरी, बरं. मग चला.” त्या खाली उतरल्या.

किल्ली पुन्हा फिरवावी तर हिरवा लागणार. म्हणून ते तिघं चालत निघाले, म्हणजे ते, त्या आणि ती काठोकाठ भरलेली सायकल. ज्या चढासाठी एवढा खटाटोप केला, तो चढ खंडोजींनी सायकल ढकलत पार केला. मी मागून एक हात लावला होता.

पुढचे चार दिवस सायकल बाहेर पडली नाही. दुपारभर वरून दार बडवल्याचा आवाज यायचा. पाचव्या दिवशी थांबला. वर गेले तर खंडोजी मुठीच्या दिव्यांकडे जाणाऱ्या तारेत हरभऱ्याएवढी एक कळ बसवत होते. डाव्या मुठीखाली, अंगठ्याने फिरवायची. फिरवली की दिव्यांपुरती वीज कमी होणार. हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबडा. बॅटरी भरलेलीच.

“मिठाचं पाणी नाही लागत आता,” ते म्हणाले. हसले नाहीत.

त्या संध्याकाळी मी चालत तळ्यावर गेले आणि शेजारच्या बाकावर बसले. मध्ये सायकल उभी. खंडोजींचा अंगठा मुठीखाली गेला.

“पिवळा झाला हो,” सकवारबाई म्हणाल्या.

“हं.”

तिथेच अंगठा थांबला. पाण्यावर बगळे उतरत होते, तेवढा वेळ त्यांनी पिवळा धरून ठेवला. दोनदा अंगठा हलला, दोनदा मागे आला. मला हुबळी आठवली. तिथेही ते असेच रेंगाळायचे, आणि विंगेतून कुणीतरी ओरडायचं, सूर्य बुडवा हो! इथे ओरडायला कुणी नव्हतं.

मग तांबडा लागला.

चढ सायकलने सहज घेतला. मी पोचेपर्यंत ते तिसऱ्या मजल्यावर दाराशी उभे होते, काळा दोरा गळ्यातून काढत.

“तुमची सायकल हल्ली फार लवकर थकते,” सकवारबाई सांगत होत्या. “एक नवी बॅटरी घ्या की.”

“घेऊ,” खंडोजी म्हणाले. त्यांना आत घेतलं, आणि कुलूप लावलं.